फाटकापुरता आवाज

४ ऑगस्ट, सोमवार

आज पालिकेने चौकात माझी बावीस वर्षं रोडरोलरखाली घातली. मोटारसायकलींचे जप्त केलेले सायलेन्सर होते. सगळे मिळून एकशे चाळीस म्हणे, त्यातले तीसेक तरी माझ्या हातचे. लांबूनसुद्धा एकेक ओळखला मी. पोरं शिट्ट्या मारत होती. पालिकेचा आवाज मोजणारा माणूस ते यंत्र छातीशी धरून उभा होता, जसं काही नवसाचं मूल.

मी त्याला म्हटलं, "साहेब, आवाज किती मोठा ते तुमचं यंत्र सांगतं. चांगला की वाईट ते कोण सांगणार?"

"ते माझं काम नाही, उल्बिओ."

"तेच तर म्हणतोय!"

लोक हसले. मीही हसलो, पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

ही वही आजपासून. कारणं दोन. पहिलं, आता नव्याने शिकायचंय. इतकी वर्षं मी पुंगळ्या केल्या, फाडफाड वाजणाऱ्या, गिऱ्हाइकाला तेच हवं असायचं. मोठा आवाज काय, कुणीही काढतो, आतली जाळी काढली की झालं. आवाज लहान ठेवून कानाला गोड वाटला पाहिजे, ही खरी कारागिरी. दुसरं कारण कुणाला सांगितलेलं नाही. माझा डावा कान जातोय. पावसाळ्यात सर्दीसारखा बसला तो उठलाच नाही. ज्याचं पोट कानावर त्याने हे कुणाला सांगावं? म्हणून जे ऐकेन ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं.

५ ऑगस्ट, मंगळवार

गालो आला होता. माझ्या धाकट्या बहिणीचा, नार्सिसाचा नवरा. कोको विकत घेऊन वाळवतो. गावाबाहेर फाट्याजवळ त्याचं वाळवणाचं अंगण आहे. जूनमध्ये त्याच फाट्यावर भर दुपारी एका तीनचाकीवाल्याला गोळ्या घातल्या, आणि घालणाऱ्याचं तोंड गालोने पाहिलं. गावात बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. पण सरकारी वकिलाकडे जाऊन सांगणारा हा एकटाच. २ सप्टेंबरला कोर्टात साक्ष आहे.

तोवर जगायचं म्हणजे रोज वेगळी वेळ, वेगळी वाट. नंबर तीनदा बदलला, तीनदा धमकी आली, मग त्याने फोनच नदीत टाकला. घराच्या फाटकाला जाड पत्रा आहे. डोकवायचं भोक होतं, ते मीच वेल्डिंगने बुजवलं, कारण पलीकडच्या गल्लीत एकाला भोकातूनच गोळी घातली होती. आमच्याकडे आता फाटकाबाहेर कुणी थांबत नाही. गाडी कोपऱ्यावर आली की घरातली बाई आवाज ओळखते, कडी काढते, माणूस न थांबता आत, कडी परत. हॉर्न कुणीही वाजवेल, गाड्याही सगळ्यांच्या त्याच चिनी, लाल नाहीतर काळ्या. आवाज मात्र ज्याचा त्याचा.

"मेव्हणेबुवा," गालो म्हणाला, "तुमची ही तोफ काढा आता. मी घराबाहेर पडलो की पुलापर्यंत वर्दी जाते."

"लग्नाआधी तूच म्हणाला होतास, पुलापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

"तेव्हा तुमची बहीण पुलापाशी राहत होती."

मग हसणं थांबवून त्याने नीट सांगितलं काय हवं ते. कोपऱ्यावर आलं की नार्सिसाला ऐकू यावं. स्वयंपाकघरात, तळण चालू असताना, रेडिओ लावलेला असताना. पण कोपऱ्यावरच्या सरबताच्या गाडीवाल्याने मान वर करू नये. आणि आवाज दुसऱ्या कुणासारखा नको.

"आणि हा असा दुसऱ्या कुणाला करून देऊ नका."

"माझ्या हातचा एकासारखा दुसरा कधी झालाय?" मी म्हणालो. खरं तर हे कारागिराने लाजून सांगावं. मी फुशारकीने सांगितलं.

७ ऑगस्ट, गुरुवार

पहिली नळी बाद. भोकं बारीक केली, वर ग्लासवूल, म्हणजे काचेचा कापूस, घट्ट गुंडाळलं, तर आवाज शिवणयंत्राचा. गालोला शोभणार नाही. दुसरीत ग्लासवूल सैल ठेवलं, तर डबा रिकाम्या पिंपासारखा घुमायला लागला. यंत्राच्या मर्यादेत बसतो, पण ऐकवत नाही.

तिसरीत एक गोष्ट सापडली. शेवटच्या कप्प्याला करंगळीएवढी फट ठेवली की वेग सोडल्यावर अगदी शेवटी एक खोल हुंकार येतो. म्हातारा माणूस खुर्चीत बसताना काढतो तसा. मोठा नाही, पण जमिनीलगत सरपटत जातो. उजव्या कानाने चार वेळा ऐकला. डाव्याला त्यातला काही पत्ता नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

आज मजा आली. नार्सिसाला स्वयंपाकघरात बसवलं, कच्च्या केळ्यांचे काप तळायला लावले, रेडिओ लावला. ऐकू आलं की झाऱ्याने पातेलं बडवायचं. गालो अंगणात उभा. मी गाडी घेऊन गल्लीभर फिरतोय.

पहिल्या फेरीला मी पुलाच्या बाजूला असतानाच ती पातेलं बडवायला लागली.

"अगं, मी पावाच्या दुकानापाशी होतो! अजून वळलोच नव्हतो!"

"मला वाटलं तू आलास, न्यान्यो." लहानपणापासून ती मला न्यान्योच म्हणते.

"वाटायचं नाही. ऐकायचं."

फट थोडी चेपली, ग्लासवूल दोन वेढे कमी केलं. सातव्या फेरीला मी कोपऱ्यावर वळलो, वेग सोडला, आणि हुंकारासरशी आतून पातेलं वाजलं. पुढे चार वेळा केलं, चारही वेळा तिथेच. मी सरबतवाल्याला जाऊन विचारलं, "आता कोणती गाडी गेली?" तो म्हणाला, "गेली का?"

नार्सिसा तेलकट हातांनी बाहेर आली आणि गालोकडे न बघता मला म्हणाली, "आता मी निदान संध्याकाळचं घड्याळ बघायचं सोडीन." तिचे डोळे भरले होते. मीही दुसरीकडे बघितलं. जाताना म्हणाली, "तू हल्ली सारखा उजवा कान पुढे का करतोस रे?" मी म्हटलं, मान आखडली आहे.

११ ऑगस्ट, सोमवार

पालिकेच्या माणसाने गालोच्या गाडीला यंत्र लावलं. मर्यादेच्या बऱ्याच खाली. त्याने यंत्र हलवून परत लावलं. "यात काय केलंस?" म्हणे. मी म्हटलं, ते तुमचं काम नाही, साहेब.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज एक माणूस आला. असं गिऱ्हाईक बावीस वर्षांत आलं नाही.

चाळिशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, नखं स्वच्छ. बाबाओयो शहराचा आहे म्हणाला, नाव एफ्राइन. कसाव्याच्या पिठाचे गरम पाव कागदात बांधून आणले होते. बाकावर बसला, पाव पुढे केला आणि म्हणाला, "उस्ताद, परवा एक गाडी माझ्या शेजारून गेली. तिने वेग सोडला तेव्हा खालून एक हुंकार आला. तो इंजिनातून आला की सायलेन्सरमधून? मी दोन दिवस हाच विचार करतोय."

काय सांगू! दोन दिवस विचार करतोय! इथे लोक येतात आणि "वाजला पाहिजे" एवढंच म्हणतात. मी त्याला कापलेली नळी दाखवली, फट दाखवली, ग्लासवूलचे वेढे मोजून दाखवले. तो खाली वाकून बघत होता. प्रश्नही नेमके.

"पण उस्ताद, इतका बारीक आवाज करून उपयोग काय?"

"घरच्या बाईला कळायला. दार उघडायला."

"एवढ्याशा आवाजावरून?"

"रेडिओ चालू असताना! तळण चालू असताना!"

"वा," तो म्हणाला. "आणि दुसरा कुठलाच आवाज चालत नाही?"

"तिने बाकी कुणाला उघडलं तर माझं नाव बदला."

त्याला हुबेहूब तोच आवाज हवा आहे. गाडीही तीच, दोनशे सीसीची. मी नाही म्हणालो. शब्द दिलाय म्हटलं. कुणाला दिलाय, ती गाडी कुणाची, हे त्याने एकदाही विचारलं नाही. याला म्हणतात रीतभात. उठताना फक्त म्हणाला, "खरं आहे, उस्ताद. एकदा जमलेलं दुसऱ्यांदा जमेलच असं नाही. माझे वडील गिटारी बनवायचे. म्हणायचे, वय झालं की हात तोच राहतो, कान बदलतो."

तो फाटकापर्यंत गेला होता. मीच हाक मारली. म्हटलं, गाडी आणा.

१३ ऑगस्ट, बुधवार

शब्द मोडतोय का मी? गालो म्हणाला होता, दुसऱ्या कुणाला नको. त्याला म्हणायचं होतं, गावात नको. हा तर बाबाओयोचा. गाडी तिकडेच जाणार. तिकडे वाजली काय, न वाजली काय.

आणि खरं लिहायचं तर मला एफ्राइनचं पडलेलं नाही. मला बघायचंय, माझ्याच्याने होतं का. एकदा जमलं ते नशीब असेल. दुसऱ्यांदा जमलं तर कान शाबूत आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

गालोला सांगितलं, तुझा एक नट सैल वाटतोय, गाडी शनिवारी अर्धा दिवस ठेव. जन्मात या माणसाशी मी खोटं बोललो नव्हतो. शेजारी ठेवून ऐकल्याशिवाय जोड कशी लागणार?

"ठेवतो," तो म्हणाला. "तुमच्याकडे ठेवायला काय."

१६ ऑगस्ट, शनिवार

जमलं!

सकाळभर दोन्ही गाड्या भिंतीशी उभ्या करून आळीपाळीने चालू केल्या. फट कानशीने केसभर वाढवली, परत ठोकून केसभर बुजवली. दुपारी रस्त्यावरच्या एका पोराला गाड्या चालू करायला लावून मी स्वतःलाच चकवलं. डोळे मिटून कुठली कुठली ते ओळखायचं ठरवलं, दहातल्या पाच वेळा चुकलो. पण माझा कान काय, त्याच्यावरच तर संशय. परीक्षा घ्यायची तर नार्सिसाच्या कानाचीच.

मग एफ्राइनची गाडी काढली आणि निघालो. कोपऱ्यावर वळलो, वेग सोडला. हुंकार. मी तिच्या फाटकापर्यंत पोचायच्या आत कडीचा आवाज आणि फाटक सताड! नार्सिसा दारात, हातात झारा, "आज लवकर रे?" म्हणत. मला बघून तोंड उघडंच.

मला इतकं हसू आलं की गाडी पडता पडता राहिली.

"हसतोस काय! गालो कुठेय?"

"माझ्या दुकानात बसलाय, सरबत पितोय. नट आवळला, चालवून बघत होतो."

"असली गंमत परत करू नकोस, न्यान्यो. माझं काळीज बघ कसं धडधडतंय."

तिने माझा हात धरून छातीशी नेला. खरंच धडधडत होतं. ती गाडी गालोची नाही हे तिला कळलंच नाही. मी सांगितलंही नाही, कशाला आनंदात माती कालवा. दुकानात परतलो तर गालो खरंच बाकावर सरबत पीत बसला होता. एफ्राइनची गाडी मी मागच्या बाजूने आत घेतली.

आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो. माझा कान शाबूत आहे.

१८ ऑगस्ट, सोमवार

एफ्राइन गाडी घेऊन गेला. मला राहवलं नाही, त्या घरच्या बाईची परीक्षा कशी घेतली ते सगळं त्याला रंगवून सांगितलं. नाव मात्र घेतलं नाही, तेवढा शहाणा आहे मी.

"फाटक उघडलं?" त्याने विचारलं.

"उघडलं म्हणजे? सताड."

"आणि तुम्ही फाटकापासून किती लांब होतात तेव्हा?"

"असेन पंचवीस पावलं."

त्याने मान हलवली. हसला, पण माझ्याइतका नाही. गाडी चालवत नेली नाही, दोघा माणसांनी पिकअपमध्ये चढवली, वर ताडपत्री टाकली. "रस्त्यात उगाच वाजायला नको, उस्ताद. चांगली गोष्ट जपून वापरावी." वस्तूची इतकी कदर असलेला माणूस विरळाच. मी त्याला हात हलवून निरोप दिला.

२० ऑगस्ट, बुधवार

गालो दुपारी डोकावला. तेरा दिवस राहिले म्हणाला. साक्ष झाली की नार्सिसाला घेऊन महिनाभर समुद्राकडे जाणार. "तुम्हीही चला मेव्हणेबुवा, लाटांचा आवाज कमी करून द्या." दाढी वाढली आहे, डोळे आत गेलेत, पण थट्टा सुटत नाही.

त्या दुसऱ्या सायलेन्सरचं सांगावं असं ओठावर आलं होतं. मग म्हटलं, या माणसाला आधीच झोप नाही, त्यात आणखी एक घोर कशाला. साक्ष झाल्यावर सांगेन. तेव्हा हसेल.

२३ ऑगस्ट, शनिवार

गालोला मारलं. त्याच्याच घराच्या अंगणात.

२४ ऑगस्ट, रविवार

दुपारी माती दिली. लिहिता येत नाही, पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

काल संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला नार्सिसा भाताला फोडणी देत होती. कोपऱ्यावर गाडीचा आवाज आला. ती धावली, कडी काढली. गाडीवर दोघं होते. एकाने तिच्या तोंडावर हात दाबून तिला स्वयंपाकघरात नेलं, दुसऱ्याने फाटक लावलं. गाडी पडवीत उभी केली. बसून राहिले. भात करपला तर एकाने गॅस बंद केला, असं ती सांगते. वीस मिनिटांनी परत कोपऱ्यावर आवाज आला. तेव्हा त्यांनीच कडी काढली. गालो न थांबता आत आला, रोजच्यासारखा.

तिला त्यांनी बोटही लावलं नाही. तिच्यासमोर केलं आणि निघून गेले.

मी तिला म्हटलं, कडी नीट लागली नसेल आधी. ती म्हणाली, "नाही न्यान्यो. मी उघडलं. गालो आला होता म्हणून उघडलं. गालो दोनदा आला."

मला काही सुचत नाहीये. गाव केवढं, गाड्या किती. एफ्राइन तर बाबाओयोला असतो.

२५ ऑगस्ट, सोमवार

एफ्राइनने दिलेल्या नंबरावर फोन केला. असा नंबर नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा आज तिसरा. पाचलाच सुरू करतात, अंधाराच्या आत सगळ्यांना घरी पोचायचं असतं. प्रार्थना संपली तरी कुणी उठेना. मग गालोची आई, मेल्वाबाई, बोलली. मोठ्याने नाही, जपमाळेकडे बघत.

"कडी तुटलेली नाही. पत्र्याला ओरखडा नाही. पोलिसांनी सगळ्यांसमोर सांगितलं, फाटक आतून उघडलं. माझा मुलगा दोन महिने वाचला, कारण ते फाटक बंद होतं."

"आई, मी त्यालाच उघडलं," नार्सिसा म्हणाली. "आवाज त्याचाच होता."

"तो तर मागून आला."

"तो पण त्याचाच होता."

कुणीतरी घसा खाकरला. एक बाई शेजारणीच्या कानात काही बोलली. गालोच्या भावाने सरळच विचारलं, "वहिनी, तुला त्यांनी काय कबूल केलं होतं? तुला सोडायचं?"

नार्सिसा उठली. खोलीभर बघत बघत तिची नजर माझ्यावर आली आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला, लहानपणी शाळेत मारामारी झाली की मला बघून व्हायचा तसा.

"न्यान्यो, तू केलास तो. यांना सांग ना. अगदी तसाच दुसरा असू शकतो का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सरबतवाला दारात उभा होता, पालिकेचा माणूस होता, अनोळखीही दोघंतिघं होते. प्रार्थनेला कुणीही येतं.

मी म्हणालो, "नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी आणखी म्हणालो, "माझ्या हातचा एकासारखा दुसरा होत नाही." कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणालो.

ती खाली बसली.

२८ ऑगस्ट, गुरुवार

एफ्राइन आला होता. तसाच इस्त्रीचा शर्ट, तसेच गरम पाव. बाकावर बसला.

"उस्ताद, तुमच्या हाताला तोड नाही. कुणाला म्हणून फरक कळला नाही."

मी हातातली कानस खाली ठेवली नाही. पत्रा घासत राहिलो.

"परवा प्रार्थनेत तुम्ही शहाण्यासारखं बोललात, असं ऐकलं. माणसाचा कान चांगला असला की तोंडही त्याच्या ताब्यात असतं." त्याने एक पाव अर्धा करून मला दिला. "खा. गार होतोय."

मी खाल्ला. त्याच्यासमोर सगळा खाल्ला. 

३१ ऑगस्ट, रविवार

नार्सिसाच्या घरी आलेल्यांना कॉफी आता मेल्वाबाईची दुसरी सून देते. नार्सिसाच्या हातची कुणी घेत नाही. ती भिंतीकडच्या खुर्चीत बसते, तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. पोलिसांनी तिला मंगळवारी बोलावलंय, विचारपूस म्हणे. गालोने ज्या दिवशी साक्ष द्यायची, त्याच दिवशी.

आज मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. हळूच म्हणाली, "न्यान्यो, मी खूप विचार केला. रेडिओ मोठा होता. फोडणीही तडतडत होती. मलाच भास झाला असेल. मीच त्याला मारलं."

"असं नको म्हणू."

"मग तूच सांगितलंस ना, दुसरा होत नाही म्हणून. तू सांगितल्यावर मी दुसऱ्या कुणाचं काय ऐकू?"

स्वतःच्या कानावरचा विश्वास उडणं म्हणजे काय, ते या गावात माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? आणि मी तेच माझ्या बहिणीला दिलं. तिचा कान तर धडधाकट होता. दोन्ही वेळा तिने बरोबरच ऐकलं.

मी घाबरलोय. एफ्राइन कुठे राहतो मला माहीत नाही, मी कुठे राहतो ते त्याला माहीत आहे. वही जाळावी असं दोनदा मनात आलं. मग दुकान उघडलं, रविवार असून, आणि पत्रा कापायला घेतला. मापं या वहीत लिहिलेली आहेतच.

२ सप्टेंबर, मंगळवार

नवाच्या बसने जिल्ह्याच्या गावी जातोय, सरकारी वकिलाकडे. वही बरोबर नेणार. त्याआधी काल काय झालं ते लिहून टाकतो, म्हणजे सगळं एका जागी राहील.

काल नववा दिवस. पाच वाजता सगळं घर भरलेलं असणार हे माहीत होतं. माझ्या गाडीला नवा सायलेन्सर जोडला. कान लावून तपासायची गरज वाटली नाही. सव्वापाचला कोपऱ्यावर वळलो आणि वेग सोडला.

हुंकार गेला. आतली प्रार्थना मध्येच थांबली.  मला वाटलं, नाही उघडणार. मेलेल्या माणसाला कोण उघडतं?

कडीचा आवाज आला. फाटक उघडलं. काळ्या कपड्यात नार्सिसा, धावत आल्यासारखी धापा टाकत. मागे मेल्वाबाई, तिच्यामागे गालोचा भाऊ, दारात गर्दी. एक बाई किंचाळली.

मी इंजिन बंद केलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हा तिसरा. गालोचा पहिला, दुसरा मी एका माणसाला करून दिला. कुणी धाक घालून नाही, हौसेने दिला. नार्सिसाने सांगितलं ते अक्षरन् अक्षर खरं आहे. त्या दिवशी मी नाही म्हणालो ते खोटं होतं." एफ्राइनचं नाव सांगितलं. तारखा सांगितल्या, पिकअप सांगितली, चेहरा सांगितला. सरबतवाला हातातला पेला धरून ऐकत होता.

मेल्वाबाईने जपमाळ गुंडाळली आणि नार्सिसाच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताकडे नार्सिसाने बघितलंही नाही. ती माझ्याकडेच बघत होती.

"त्या शनिवारी तू गंमत करायला आलास," ती म्हणाली. "ती दुसरी गाडी होती?"

"हो."

"मी उघडलं आणि तू हसलास."

"हो."

"मी तुझा हात धरून छातीशी नेला."



आमच्याकडे शत्रूलाही फाटकाबाहेर उभं ठेवत नाहीत. ज्याला आत घ्यायचं नाही त्याला निदान, इथे थांबू नको, जा, असं म्हणतात. तिने तेवढंही म्हटलं नाही. शांतपणे फाटक ओढलं, आतून कडी घातली, आणि मी गाडी चालू ठेवून रस्त्यावर उभा राहिलो.